शालिकराम बिरेकमिस्त्री

पौर्णिमाने शालिकरामला पहिल्यांदा पाहिलं आणि पुढच्या चार सेकंदांत त्याला फावड्याच्या दांड्याने बडवलं. अकोल्याच्या एमआयडीसीत ही गोष्ट पुढे इतक्या तोंडांनी सांगितली गेली की सांगता सांगता तो दांडा बंडीच्या जुवाएवढा झाला, आणि शालिकराम उडून पडला ते अंतर मिलच्या फाटकापासून वाढत वाढत शिवणीच्या शाळेपर्यंत पोचलं. चहाच्या टपरीवर चालणाऱ्या हकिकतीत तर तो थेट मूर्तिजापूरच्या गाडीत जाऊन पडला आणि तिकीट नाही म्हणून बोरगावला उतरवला गेला.

खरं घडलं ते याहून फारसं कमी नव्हतं. पौर्णिमा अमरावतीची. वय तेवीस, इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झालेली. मोटरींचे ड्राइव्ह विकणाऱ्या तिथल्या एका दुकानात नोकरीला लागून तिला तीन महिने झाले होते, आणि एकटीने जाऊन बसवायचं हे तिचं पहिलंच काम होतं. जानेवारीतल्या एका सकाळी खांद्याला हत्यारांची पिशवी लावून ती गोवर्धनभाऊंच्या दालमिलमध्ये शिरली, तेव्हा आत तुरीच्या भुशाचं असं धुकं होतं की समोरचा माणूस आधी शिंकेवरून ओळखावा आणि मग चेहऱ्यावरून. त्या धुक्यात तिला एक काटकुळा इसम दिसला. त्याचा एक पाय भिंतीला टेकलेला, दुसरा जमिनीत रुतलेला, आणि मधलं सगळं शरीर वाऱ्याने वाकलेल्या ज्वारीच्या ताटासारखं तिरपं. दोन्ही हातांत एक लाकडी फळी. फळीचं दुसरं टोक एका फिरत्या चाकाला भिडलेलं. तिथून धूर निघत होता. इसमाचे डोळे मिटलेले, दात बाहेर, आणि टाचेपासून टाळूपर्यंत सगळा माणूस थरथरत होता. घशातून मोटारसायकल सुरू न होताना येतो तसला आवाज. बाजूला सात-आठ बाया डाळ निवडत बसल्या होत्या आणि त्यांतली एक त्याच्याकडे पाहत जांभई देत होती.

विजेचा धक्का बसलेल्या माणसाला हात लावू नये, कोरड्या लाकडाने त्याला दूर करावं, हे पौर्णिमाला पाठ होतं. त्या प्रश्नाला तिला दहापैकी नऊ गुण होते. आकृती काढली नाही म्हणून एक गेला होता. ती कसर तिने इथे भरून काढली. कोपऱ्यातलं फावडं उचलून तिने त्याच्या खांद्यावर एक आणि पाठीवर एक असे दोन दणके घातले.

इसमाने एक डोळा उघडला. फळी सोडली नाही.

"मारून काहून राहिली व बाई?" तो दातांतून म्हणाला. "दम धर जराशी. एवढं थांबवू दे, मंग मार."

पौर्णिमा दांडा उगारून उभीच राहिली. अर्ध्या मिनिटाने चाक थांबलं. त्याने फळी भिंतीला टेकवली, दुपट्ट्याने तोंड पुसलं, आणि वळून पाठ तिच्यापुढे केली.

"हं. मार आता."

बाया इतक्या हसल्या की निवडलेली डाळ पुन्हा निवडावी लागली.

शालिकरामचं हे काय चाललं होतं ते कळायला तो रोल समजून घ्यायला हवा. तुरीचं साल काढायला दालमिलमध्ये एक खरखरीत दगडी लाट असते. जात्याच्या पणजोबाला आडवं निजवून गरगर फिरवावं तशी. तिला म्हणतात रोल. वजन पाच-सहा क्विंटल. वीज तोडली तरी तो थांबत नाही. आपल्याच मस्तीत चांगली साडेचार मिनिटं फिरत राहतो. एरवी त्याने फिरावं, कोणाचं काही जात नाही. पण आत तूर अडकली, खडा गेला किंवा पुढचा पट्टा सुटला, की ती साडेचार मिनिटं महाग पडतात. आत असलेल्या सगळ्या तुरीची चुरी होते, आणि चुरी म्हशी खातात. तेव्हा रोल झटपट थांबवणं हे कोणाचं तरी काम असायला हवं, असं गोवर्धनभाऊंच्या वडिलांना सत्तावीस वर्षांपूर्वी वाटलं. त्यांनी हमालांपैकी सगळ्यात किडकिडा गडी निवडला, कारण धडधाकट गडी पोती उचलायला लागत होते, आणि त्याच्या हातात बाभळीची फळी दिली. तोच शालिकराम. फळी रोलच्या चाकावर दाबायची, रोल पन्नास सेकंदांत थांबवायचा. त्याला सारे बिरेकमिस्त्री म्हणू लागले. हजेरीच्या पुस्तकातही पुढे तेच लिहिलं गेलं.

सत्तावीस वर्षं एका बाजूने जोर लावून त्याचा डावा खांदा उजव्यापेक्षा चार बोटं खाली आला होता. त्यामुळे तो सरळ उभा असला तरी कोणाचं तरी गुपित ऐकायला वाकल्यासारखा दिसे, आणि लोक त्याला उगाच गुपितं सांगत. त्याच्या सायकलला मात्र ब्रेक नव्हते. चप्पल घासून तो ती थांबवी. विचारलं तर म्हणे, "डॉक्टर सोताले इंजेक्शन देते का?" मिलमधलं भांडण थांबवायला त्यालाच बोलवत. तो दोघांच्या मध्ये तिरपा उभा राही आणि इतकं बोले की भांडणारे कंटाळून कामाला लागत. त्याची बायको जमुना सांगे, "साऱ्या मिलची मशीन थांबवते हा माणूस. याची जीभ थांबवाले मले फळी पायजे."

त्याचं तत्त्वज्ञान एका ओळीचं होतं आणि ते तो दिवसातून किमान तीनदा ऐकवी. "चालू त कोणीबी करते बाप्पा. बंद करून दाखवा."

आता हे सगळं बंद व्हायची वेळ आली होती. कारखान्यांची तपासणी करणारे एक साहेब डिसेंबरात येऊन गेले. त्यांनी शालिकरामला कामावर असताना पाहिलं, डोळ्यांवर हात ठेवला, आणि बोटांच्या फटीतून पाहत गोवर्धनभाऊंना सांगितलं की हा माणूस एक दिवस चाकात जाईल. फळी बंद करा, नाहीतर फळीला चारी बाजूंनी लोखंडी पिंजरा करा. गोवर्धनभाऊ मनाने वाईट नव्हते. मोर्शीकडचे शेतकरी, संत्र्याच्या बागेतून उठून वडिलांची मिल सांभाळायला आलेले. त्यांना पिंजऱ्यापेक्षा ड्राइव्ह बरा वाटला.

"पाहा मॅडम," त्यांनी पौर्णिमाला पहिल्याच दिवशी सांगितलं, शालिकरामच्या देखत, कारण देखत आणि माघारी असा भेद त्यांना कधी जमला नाही. "फळीपेक्षा उशीर नको. एका मिनिटाच्या आत रोल थांबला पायजे. आठ दिवस बिनतक्रार चालला त मी तुमच्या कागदावर सही करतो. नाही चालला त घेऊन जा, मी फळीले पिंजरा करतो."

"अन् चालला त?" शालिकरामने विचारलं.

"चालला त मशीन आपोआपच थांबन ना, शालिकभाऊ," गोवर्धनभाऊ छताकडे पाहत म्हणाले. "मंग तुमी काय कराल?"

शालिकरामला पोतं उचलवत नव्हतं आणि डोळ्यांनी डाळ निवडवत नव्हती. मिलमध्ये तिसरं काम नव्हतं. एवढं सगळं त्या एका प्रश्नात आलं. पौर्णिमाने पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला आणि तो परत पिशवीत ठेवला.

शालिकरामनेच तिला हाक मारली. "चाल व बाई. दाखव तुह्या डब्ब्यात काय हाये."

ड्राइव्ह म्हणजे मोटरला जाणारी वीज आपल्या हाताने कमीजास्त करून तिचा वेग मुठीत ठेवणारं यंत्र. पौर्णिमाने दोन दिवसांत ते भिंतीवर बसवलं, तारा जोडल्या, आणि तिसऱ्या दिवशी साऱ्या मिलसमोर चाचणी घेतली. थांबायची वेळ तिने पस्तीस सेकंद लावली. रोल जोरात फिरत होता. तिने बटण दाबलं. रोल आज्ञाधारकपणे मंदावला, पाच सेकंद, सात सेकंद, आणि मग ड्राइव्हच्या काचेवर लाल अक्षरं उमटली, आतून टक् असा आवाज आला, आणि रोल पुन्हा आपल्या मर्जीने फिरू लागला, गुरुजी वर्गाबाहेर गेल्यासारखा.

"गेला," आशाबाई म्हणाली. ही निवडणाऱ्या बायांची मुकादम. पहिल्या दिवशी जांभई दिली होती ती हीच.

शालिकरामने फळी उचलली, पाय भिंतीला लावला आणि रोल थांबवून दिला. या वेळी त्याने डोळे मिटले नाहीत. पौर्णिमाकडे पाहत थांबवला. तिने पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा लाल अक्षरं, पुन्हा फळी. संध्याकाळपर्यंत अकरा वेळा. अकराव्या वेळी बायांनी टाळ्या वाजवल्या आणि शालिकरामने अख्खी मिल त्याला पाहायला जमलेली असल्यासारखा नमस्कार केला.

पौर्णिमा ड्राइव्हखाली पोत्यावर बसून होती. तो शेजारी येऊन बसला.

"रुसला कायले हा?" त्याने वर ड्राइव्हकडे मान केली.

"काका, रोल जड आहे ना," ती म्हणाली. "मोटर त्याला फिरवते तेव्हा ती वीज खाते. पण आपण त्याला मागे ओढायला लागलो की उलटं होतं. रोलच मोटरला फिरवतो, आणि मोटर वीज बनवायला लागते. ती वीज मागे ड्राइव्हमध्ये घुसते. ड्राइव्हला ती ठेवायला जागा नाही. जास्त झाली की तो हात वर करतो आणि मोटर सोडून देतो."

शालिकराम विचारात पडला. हे इतकं दुर्मीळ होतं की दोन बाया उठून पाहायला आल्या.

"म्हणजे उताराची बंडी," तो शेवटी म्हणाला. "चढावर बैल बंडीले ओढते. उतारावर बंडी बैलाले रेटते. बैलानं मांगं रेटा नाही देल्ला त बंडी अंगावर येते. तुह्या बैलाले रेटा द्याले जागाच नाही."

डिप्लोमाच्या तीन वर्षांत कोणीही हे इतक्या थोडक्यात सांगितलं नव्हतं. पौर्णिमाने त्याच्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच तिला त्या दोन दणक्यांची खरी लाज वाटली.

"दुसरा एक उपाय आहे," ती म्हणाली. "मोटरमध्ये थेट डीसी करंट सोडायचा. मग आतलं चुंबक फिरायचं सोडून एका जागी गच्च उभं राहतं आणि मोटरला धरून ठेवतं."

"पाह्य मंग करून."

दुसऱ्या दिवशी तिने तेही केलं. पहिल्या खेपेला रोल थांबला खरा. मोटर मात्र म्हशीसारखी हंबरली. चौथ्या खेपेला शालिकरामने मोटरच्या पाठीवर पंजा ठेवला आणि झटकन काढला.

"ताप आला इले. अजून दोनदा केलं त जाते बिचारी."

तो बरोबर होता. जोरात फिरणारा रोल सगळाच्या सगळा मोटरच्या पोटात थांबवला की ती सगळी ऊब मोटरच्याच पोटात राहते. ही युक्ती शेवटच्या दोन-तीन सेकंदांसाठी ठीक, जेव्हा रोल थांबू की नको करत असतो. बाकीची वीज बाहेर कुठेतरी जाळायला हवी होती. पौर्णिमाने अमरावतीला फोन लावला. फोनवर ती पुस्तकी मराठी बोले, त्यामुळे तिकडच्या साहेबांना परिस्थिती आटोक्यात आहे असं वाटे. तीन दिवसांनी एक काळी, वरून जाळीची लोखंडी पेटी आली. आत जाड तारेची वेटोळी. रोलने मागे ढकललेली वीज ड्राइव्हने या वेटोळ्यांत सोडायची आणि तिची उष्णता करून टाकायची. पेटी ड्राइव्हच्या बाजूला, कमरेएवढ्या उंचीवर बसवली.

पौर्णिमाने बटण दाबलं. रोल मंदावला. लाल अक्षरं आली नाहीत. सगळी मिल गप्प होती आणि शालिकराम ओठ हलवत आकडे मोजत होता. पस्तिसाव्या आकड्याला रोल, ना धूर ना हंबरडा, उभा राहिला.

कोणीही टाळ्या वाजवल्या नाहीत.

शालिकराम पेटीपाशी गेला. जाळीवर हात धरला, नाक जवळ नेऊन वास घेतला. "ऊन ऊन झाली," तो म्हणाला. "माही फळी बी अशीच ऊन होये." थोड्या वेळाने म्हणाला, "म्हणजे हे बी फळीच होय. फक्त हिचा खांदा नाही उतरत."

पौर्णिमा खाली वाकून हत्यारं पिशवीत भरू लागली.

आठ दिवसांची मुदत सोमवारी सुरू झाली. पौर्णिमा अमरावतीला परतली आणि बुधवारी गोवर्धनभाऊंचा फोन आला.

"मॅडम, तुमची पेटी दुपारी बंद पडते. काल पडली, आज पडली. सकाळी चांगली, संध्याकाळी चांगली. दुपारी मातर बसते." मग आवाज खाली आणून, म्हणजे तरीही पलीकडच्या मिलला ऐकू जाईल इतका खाली आणून, ते म्हणाले, "शालिकभाऊ त काई करत नसन ना व? सोन्यासारखा माणूस होय. पण पोटाचा सवाल हाये."

पौर्णिमाच्या मनात तेच आलं होतं, आणि आपल्या मनात ते यावं याचाच तिला राग आला. गुरुवारी ती कोणाला न सांगता निघाली. बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत ती स्वतःला समजावत होती की काका असं करणार नाहीत, आणि मूर्तिजापूरपासून अकोल्यापर्यंत हे, की केलं असेल तर त्यांच्या जागी मीही केलं असतं. बारा वाजून वीस मिनिटांनी ती मिलमध्ये शिरली.

रोल थांबत होता. थांबला. लगेच पुन्हा सुरू झाला. पूर्ण वेग घेतला न घेतला तोच पुन्हा थांबू लागला. बटणापाशी शालिकराम उभा होता, चेहऱ्यावर यज्ञाला बसलेल्या यजमानाचं गांभीर्य. आणि पेटीच्या जाळीवर, एकालाएक लागून, सहा डबे होते. सहा डब्यांच्या मधोमध एक भलंमोठं भरताचं वांगं. ते वांगं आशाबाई एका पक्कडीने उलटवत होती. सोमवारपासून पौर्णिमा जी पक्कड शोधत होती तीच ती पक्कड.

"अजून एक डाव थांबव, शालिकभाऊ," आशाबाई म्हणाली. "देठाकडून कच्चं हाये."

"पाचात होते वांगं," शालिकराम म्हणाला. "तुवं मोठं आणलं. याले सहा लागन."

मग दोघांनी पौर्णिमाला पाहिलं.

शालिकराम जराही दचकला नाही. उलट खूश झाला. "ये व बाई, बरी आली. जेवाले बस. तुह्या पेटीनं साऱ्या बायाईचं कल्याण केलं." आणि त्याने तिला सगळं शास्त्र समजावून दिलं. भाकर एका थांब्यात गरम होते. वरणाला दोन लागतात. भाजीला रस्सा असेल तर तीन, सुकी असेल तर दोन. थंडीच्या दिवसांत सत्तावीस वर्षं या बाया थंडगार भाकर खात आल्या, कारण भुशाजवळ चूल पेटवता येत नाही. हा शोध त्याला सोमवारी लागला, पहिल्याच दिवशी, आपली बिडी पेटते का ते पाहताना. बिडी पेटली नाही, पण डोकं पेटलं. तेव्हापासून जेवायच्या सुट्टीआधी पंधरा-सोळा वेळा रोल चालू-बंद होत होता. तूर अर्थातच तेवढा वेळ निघत नव्हती.

"काका," पौर्णिमा म्हणाली, "त्या जाळीतून वारा जायचा असतो. तुम्ही जाळी झाकली. वरून तासात सोळा वेळा थांबवलं. तिला सोसलं नाही की ती आतून गरम होऊन बंद होते. म्हणून दुपारी पडते."

शालिकरामचा हसरा चेहरा हळूहळू उतरला. "वांग्यानं?"

"वांग्यानं. डब्यांनी. त्यात कोणाचा तरी रस्सा सांडला आहे."

"थो माहा होय," आशाबाई म्हणाली आणि डबे उतरवू लागली.

शालिकराम पेटीकडे असा पाहत राहिला की जणू कोणाचं तान्हं बाळ त्याच्या हातून पडलं. "मले माईत नोतं," तो म्हणाला. पौर्णिमाला ते सांगायची गरज नव्हती. येताना गाडीत मनात जे जे आलं होतं, त्याची लाज आणखी गरम होऊन वर आली. आपली नोकरी वाचवायला यंत्र बिघडवण्याइतका धूर्त माणूस हा नव्हता. हा बायांच्या भाकरी गरम करत होता, आणि त्या नादात आपली नोकरी चुकून वाचवत होता.

चुकून का होईना, वाचत होती. हे तिच्या ध्यानात आलं तशी ती त्याला पोत्यांच्या थप्पीमागे घेऊन गेली.

"काका, ऐका. मला आज भाऊंना लेखी द्यायचं आहे की पेटी का पडते. मी एवढंच लिहिते की पेटी कमी पडली. खोटं नाही, कमीच पडली की. भाऊ पेटी परत करतील, फळीला पिंजरा करतील. तुम्ही राहाल."

शालिकरामने डोक्याचं फडकं काढून झटकलं. "अन् तुह्यं?"

"मला दुसरं काम मिळेल."

"पैलंच होय ना हे तुह्यं?"

पौर्णिमा थप्पीतल्या पोत्याची सुतळी ओढू लागली.

शालिकराम थप्पीला टेकला. मग म्हणाला, "म्या मोजलं बाई. फळीनं पन्नास सेकंद लागे. उन्हाळ्यात पंचावन्न. तुही पेटी पस्तीसात थांबवते. रोज पस्तीस. ना छत्तीस ना चौतीस." त्याच्या आवाजात कौतुक होतं आणि थोडा हेवा. "बिरेकच्या बाबतीत खोटं बोलू नाही. बाकी कशाच्याबी बाबतीत बोल, मी रोज बोलतो. पण बिरेक खोटा निंगाला त कोणाचा ना कोणाचा हात जाते."

"काका, पण तुमी काय करसान?" चिडली की पौर्णिमाची पुस्तकी मराठी गळून पडे. "घरी बसून जमुनाकाकूचं डोकं खासान?"

"थे त आताबी खातो."

आणि तिला अडवायला वेळ न देता तो वांगं हातात घेऊन गोवर्धनभाऊंच्या कचेरीत गेला. पौर्णिमा मागोमाग पळाली. गोवर्धनभाऊ डबा उघडून एकटेच जेवायला बसले होते. शालिकरामने ते भाजलेलं वांगं त्यांच्या झाकणात ठेवलं.

"हे काय?"

"पेटीवर भाजलं भाऊ. पेटी चांगली हाये. डब्बे म्या ठेवले. म्हून पडत होती."

गोवर्धनभाऊंनी वांग्याकडे पाहिलं, शालिकरामकडे पाहिलं, मग दारात उभ्या पौर्णिमाकडे. तिने मान डोलावली. गोवर्धनभाऊ आधी गालात हसले, मग पोटात, आणि मग इतके की त्यांना ठसका लागून पाणी द्यावं लागलं.

"माह्या तीन दिवसाच्या तुरीचं भरीत केलं तुमी," ते डोळे पुसत म्हणाले, आणि वांग्याचं साल सोलायला लागले. "मीठ हाये का रे कोणाजवळ?"

तिघांनी मिळून ते वांगं खाल्लं. मिरची आशाबाईने आणून दिली आणि जाताना दारातच रेंगाळली. गोवर्धनभाऊ म्हणाले की असं भरीत त्यांनी मोर्शीला आईच्या हातचं खाल्लं होतं, त्यानंतर आजच. शालिकरामने लगेच सांगितलं की विजेवरचं भरीत धुरकट लागत नाही, त्यात बाभळीचा तुकडा पाहिजे होता. हवा एवढी मोकळी झाली की आशाबाईने दारातूनच विचारून टाकलं, "मंग भाऊ, शालिकभाऊले ठेवान ना?"

"पाहू ना," गोवर्धनभाऊ म्हणाले. "काईतरी करू."

मिलमध्ये सगळ्यांनी याचा अर्थ हो असा घेतला. बायांनी तर कामंही वाटून टाकली. कोणी म्हणे शालिकभाऊ आता ड्राइव्हचं बटण दाबायला राहतील, कोणी म्हणे फाटकावर. शालिकराम स्वतः म्हणे की भाऊ मला मशीन थांबवायची शाळा काढून देणार आहेत. पौर्णिमाने पेटी पुसली, जाळीतला रस्सा खरवडून काढला, आणि ती हात पोचणार नाही अशी दहा फूट उंच भिंतीवर चढवली. आठ दिवसांची मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली गेली. या वेळी शालिकराम रोज पेटीखाली खुर्ची टाकून बसे आणि कोणी बाई डबा घेऊन नुसती वर पाहू लागली तरी "हूं" करे. दर थांब्याला तो सेकंद मोजून वहीत लिहून ठेवी. आठही दिवस, प्रत्येक ओळीत, पस्तीस.

मुदत संपली त्या दिवशी गोवर्धनभाऊंनी पौर्णिमाच्या कागदावर सही केली. शालिकरामने साक्षीदार म्हणून आपण होऊन खाली सही ठोकली. तिथे साक्षीदाराचा रकाना नव्हता.

तो फेब्रुवारीचा मध्य होता. मार्चअखेर तुरीचा हंगाम संपला, आणि एक एप्रिलपासून शालिकरामला कामावरून कमी करण्यात आलं. रोल पस्तीस सेकंदांत थांबतो.